कूलरचा कौल

...आणि वर मलाच म्हणतो, "आई, त्याचं डोकं तापतंय!" कुणाचं? तर कॉम्प्युटरचं! अहो, वैशाखात महाडमध्ये कुणाचं डोकं तापत नाही? माझं तापतं, आमच्या ह्यांचं तर बाराही महिने तापलेलंच असतं, पण आमच्यासाठी कुणी कधी कूलर शोधत हिंडलं नाही! तुम्हाला सांगते, मी कुणावर संशय घेणारी बाई नाही हो. सोमवार आहेत माझे, संकष्टी आहे, मन स्वच्छ ठेवावं लागतं... पण ते डोकं म्हणजे तो प्रोसेसर केवढा? चहाबरोबरच्या बिस्किटाएवढा! आणि त्याला गार करायला हा पाट्यावरवंट्याएवढा कूलर? मनात पाल चुकचुकणार नाही तर काय होईल?

थांबा, नीट सांगते. ऋत्विक म्हणजे माझा एकुलता एक. तिकडे हिरकणीवाडीत रोपवेला येणाऱ्या पाहुण्यांसाठी घरगुती जेवणाच्या पाट्या लागल्यात ना, त्या लोकांना मोबाइलवर टाकायला व्हिडिओ करून देतो, आणि त्या कमाईतून गेम खेळायचा कॉम्प्युटर त्याने स्वतः जुळवलाय. आता नवा प्रोसेसर बसवला, सगळ्यात वरचा. म्हणे वाऱ्यासारखा पळतो. पळतो खरा, पण ऊन डोक्यावर आलं की बसतो! खेळ ऐन रंगात आला की खट्... सगळा काळोख. कारण काय, तर कॉम्प्युटर आहे माळ्यावर, तापल्या पत्र्याखाली. आणि माळ्यावर का? अहो, तुम्ही महाडकर असून विचारता? पुराच्या साली सावित्रीमाई आमच्या देवघराच्या फळीपर्यंत आली, फ्रिज होडीसारखा ओटीवर फिरत होता! तेव्हापासून वायर असलेली एकही वस्तू मी खाली ठेवत नाही. मिक्सरसुद्धा वर आहे. खोबऱ्याची चटणी वाटायची तर जिना चढते मी! ऋत्विक म्हणाला, "आई, मग कॉम्प्युटर खाली नेतो, खाली गारवा आहे." म्हटलं, "मी जिवंत असेपर्यंत नाही."

त्यातून रविवारी भरदुपारी त्याची स्पर्धा. ऑनलाइन. ठिकठिकाणची पोरं आपापल्या घरात बसून एकमेकांना गोळ्या घालतात आणि जो उरतो तो पुढे जातो. झालं, त्याच्या पुण्याच्या मित्राचा, साहिलचा फोन, तोही थेट मला! "काकू, त्याला इकडे पाठवा की! माझ्या फ्लॅटवर एसी आहे. दोनच दिवस हो, काकू!" आवाज बघा कसा, पाकात बुडवलेला! मी कुणावर संशय घेत नाही हो, पण दोनच दिवस? आमच्या आळीतला सुंदराबाईचा सुनील दोन दिवसांसाठीच गेला होता. आता तिकडेच त्याचं लग्न झालं, मूल झालं, मूल शाळेत जायला लागलं, आणि ती बिचारी अजून त्याच्या वाटणीची भाकरी थापते. गणपतीत येतात, विसर्जनाला पाय ओले झाले न झाले की बॅग खांद्याला!

म्हणजे बघा, सगळं येऊन ठेपलं त्या कूलरवर. कॉम्प्युटर गार राहिला तर पोरगा घरी, तापला तर पुणे. आता मी गप्प बसेन? म्हटलं, "चल, दुकानात मीही येते." "आई, तू कशाला?" "कोथिंबीर घ्यायचीय मला." कोथिंबीर घेतली, आणि ती पिशवी हातात धरून त्या मालोजीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात उभी राहिले.

मालोजीने दोन खोकी काढली. एक वाऱ्याचा कूलर. पातळ पातळ पत्र्यांची चळत, आतून तांब्याच्या नळ्या, दोन्ही अंगांना पंखे. इडलीपात्राला पंखे लावावेत तसा! उचलून बघितला, चांगला जड. म्हटलं, "हा लटकणार कशावर?" म्हणे, "मदरबोर्डवर." घ्या! म्हणजे तिथेही सगळं ओझं आईवरच!

आणि दुसरा... दुसरा पाण्याचा! ऐकताय ना? पाण्याचा! प्रोसेसरच्या डोक्यावर पंप, त्यातून दोन नळ्या, पाणी खाली जातं, तापतं, वर जाळीत येतं, पंखे त्याला गार करतात, की पुन्हा खाली. म्हटलं, अरे, ज्या पाण्याच्या धाकाने मी मिक्सर वर नेला, ते पाणी तू आता पैसे देऊन माळ्यावर नेणार? आणि तेही विजेच्या पोटात?

तोच मालोजी म्हणतो, "वहिनी, अजिबात गळत नाय बघा."

मी विचारलं होतं? तुम्ही सांगा, मी तोंड तरी उघडलं होतं? दूधवाला आपण न विचारता म्हणाला, "ताई, पाणी नाय घातलंय," तर आपण काय समजायचं? मी म्हटलं, "मग वाऱ्याचाच द्या." लगेच ऋत्विक, "आई, तो उंच आहे, माझ्या कॅबिनेटचं झाकण लागणार नाही." म्हटलं, "उघडं राहू दे, गार राहील." तर दोघं एकमेकांकडे बघून हसले! असं हसणं बरं नसतं. मी पोराला ओढत, कोथिंबिरीसकट घरी आणलं.

घरी काय, एकेकाची मतं तयार! आमच्या सासूबाई, ठमाबाई, मूळच्या पोलादपूरकडच्या. त्या म्हणाल्या, "पैसं कशाला घालवतेस गो? ओलं फडकं टाक त्याच्यावर. माठ गार ऱ्हातो तर ह्यो डबा नाय का ऱ्हाणार?" हे एमआयडीसीत आहेत, केमिकलच्या कारखान्यात. रात्रपाळी करून आलेले, चहा हातात, लगेच प्रवचन! "अगं, आमच्याकडे एवढाल्या टाक्या तापतात, त्यांना बाहेरून पाणीच फिरवतात. वाऱ्याने काय होतंय? पाण्याचाच घे." आता मला सांगा, ज्या माणसाने त्या कॉम्प्युटरला आजवर 'खोकं' सोडून नाव दिलं नाही, त्याला अचानक एवढा पुळका? मी कुणावर संशय घेत नाही हो, आणि हे तर नवरा आहेत... पण थोडं खोदलं. तेव्हा कळलं की पाण्याचा कूलर आवाज कमी करतो. आणि रात्रपाळीनंतर हे दिवसा झोपतात कुठे? माळ्यावर! म्हणजे लेकाच्या डोक्याची काळजी नाही, स्वतःच्या घोरण्यात कुणाचा अडथळा नको!

मग माणसांवर विसंबायचं कशाला? गेले सरळ ग्रामदेवीच्या देवळात. म्हटलं, कौल लावू. जानू गुरव म्हणाला, "काय गाऱ्हाणं घालू, वयनी?" म्हटलं, "विचार, पाण्याचा घेऊ की वाऱ्याचा." त्याला वाटलं शेतातल्या पंपाचं आहे. समजावून सांगितलं तर डोक्याला हात लावला. "वयनी, आईला लोक लग्नाचं इचारतात, जमिनीचं इचारतात, म्हस हरवली तर इचारतात. ह्या गेमाचं काय इचारू?" म्हटलं, "म्हस हरवली तर चालते, मग पोरगा हरवायला लागलाय तर का चालत नाही?" तेव्हा कुठे उठला. देवीच्या अंगावर दोन कळ्या चिकटवल्या, उजवी पडली तर पाण्याचा, डावी पडली तर वाऱ्याचा, आणि गाऱ्हाणं घातलं, "आई माये, ह्या लेकराच्या कॉम्प्युटराचं डोस्कं गार कशानं व्हईल, त्येचा उजेड दे."

वाट बघतोय... वाट बघतोय... कळी हलेना. बाहेर कावळा ओरडला, जानूने दोनदा जांभई दिली. लाइट गेलेली, गाभाऱ्यात घामाच्या धारा. आणि एकदम लाइट आली! कोपऱ्यात कुणा मुंबईकराने देवीला दिलेला उभा पंखा आहे, तो घुर्र करून सुरू झाला, आणि टप्! उजवी कळी खाली!

जानू म्हणाला, "झाला कौल. पाण्याचा."

आता तुम्हीच न्याय करा. कौल पाण्याचा, पण पाडला कुणी? वाऱ्याने! मग देवीला पाणी म्हणायचंय की वारा म्हणायचंय? म्हटलं, "जानू, पंखा बंद करून परत लाव." जानू डोळे वटारून म्हणतो, "वयनी, आईवर संशय?" कानाला हात लावले हो! मी कुणावर संशय घेत नाही, देवीवर तर नाहीच... पंख्यावर होता.

परत येताना वीरेश्वराच्या देवळात डोकावले. पिंडीवर अभिषेकपात्र टांगलेलं, थेंब थेंब पाणी पडतंय. एकदम मन निवलं. म्हटलं, प्रत्यक्ष महादेव वैशाखात पाण्याच्या कूलरवर आहेत, आपण कोण नाही म्हणणारे? घ्यायचा पाण्याचाच! उंबरा ओलांडला आणि लक्षात आलं, देवाचं सांडलेलं पाणी वाहून जायला गोमुख आहे. कॉम्प्युटरला कुठे आहे?

म्हणून मी परात ठेवली. कूलर आणला, ऋत्विकने प्रोसेसरच्या कपाळावर गंध लावावं तशी कूलरबरोबर आलेली बोटभर पेस्ट लावली, पंप बसवला, आणि मी त्या अख्ख्या खोक्याखाली पुरणाची मोठी परात सरकवली. "आई, लोक हसतील!" म्हटलं, "माळ्यावर कोण लोक येतायत?"

रविवार उजाडला. पत्रा तापलेला, पोरगा कानाला ते मोठे हेडफोन लावून बसलेला, आणि मी मागे, मिटल्या ओठांनी जप, डोळे परातीवर. खेळ चालला चालला, कॉम्प्युटर बंद पडेना. पोराचा चेहरा असा फुललेला, तसा मी दहावीच्या निकालालासुद्धा बघितला नव्हता. आणि तेवढ्यात... टप्.

परातीत थेंब!

गळतोय! मी म्हटलं नव्हतं? माझा हात बटणावर गेला. दाबलं की संपलं, पोरगा वाचला, घर वाचलं... आणि खेळ गेला. पुढे जाणं गेलं. पोरगा घरी राहिला! हे आलं हो मनात, खोटं कशाला सांगू? बोट बटणावर, आणि तो ओरडतोय, "थोडंच राहिलंय, थोडंच राहिलंय!"... नाही दाबलं मी. पदराचा बोळा केला आणि परातीवर धरून बसले. पुन्हा टप्. थेंब पदरावर. वर बघितलं तर वाशाला सासूबाईंचं ओलं फडकं लटकतंय! गुपचूप येऊन टांगून गेल्या होत्या! खालून आवाज, "गार झाला का गो डबा?"

जिंकला. मला उचलून गरगर फिरवलं माळ्यावर, ह्यांची झोप मोडली. साखर ठेवली देवापुढे. मग म्हणतो, "आई, पुढची फेरी पुण्याला. मोठ्या हॉलमध्ये. सगळ्यांनी तिथे जाऊन खेळायचं." म्हटलं, "मग हा कॉम्प्युटर?" "हा इथेच. तिथे त्यांचे असतात. तू फक्त मधूनमधून हा चालू करत जा. दोनच दिवस गं, आई."

दोनच दिवस! राहणार कुठे? साहिलकडे!

देवीवर तरी रागावू कशी? मी विचारलं काय होतं? कूलर कुठला घेऊ. तेवढ्याचंच उत्तर दिलं तिने, आणि चोख दिलं. पोरगा घरी राहील का, हे मी विचारलंच नाही. विचारायचा धीर झाला नाही, खरं सांगायचं तर.

आता माळ्यावर कॉम्प्युटर गारेगार आहे, हे त्याच्या शेजारी घोरतायत, आणि मी रोज परात पुसते. मी कुणावर संशय घेत नाही हो, पण निघताना त्याची बॅग दोन दिवसांच्या मानाने फार फुगलेली दिसली. विचारलं तर म्हणाला, "आई, तिथला एसी फार गार असतो." त्याला गारव्यात बसवायला एवढा जीव टाकला, आणि शेवटी बॅगेवर गुडघा देऊन माझ्या जुन्या लुगड्यांची गोधडी आत कोंबली... ती मीच.