अर्धा सूत

...न्हाई न्हाई, तिथं नका उभं राहू! हिकडं या, बसा त्या प्लायच्या थप्पीवर, पण पाय वर घेऊन बसा, आन् चपला झटकू नका... का ते सांगतो की, आधी ऐकून तर घ्या! मला एक सांगा, तुम्ही कंपनीतली जुनी मंडळी, शिकलेली माणसं, माणसाचं वाटोळं किती मापानं व्हावं? अर्ध्या सुतानं? सूत म्हंजी इंचाचा आठवा भाग, त्याचा बी अर्धा... एवढुसा! आन् तेवढ्यापायी हा नवनाथ रडकुंडीला आलाय हो!

तुम्हाला तर ठावं हाय, रांजणगावात तुमच्याच लाईनीवर होतो. शिफ्ट, बस, कॅन्टीनचा चहा, कशाची ददात न्हवती. पण डोक्यात भरलं, आपलं सोताचं वर्कशॉप पायजे. सोडली नोकरी, टाकला हितं न्हावऱ्याच्या रोडला पत्र्याचा शेड, आन् आणली ही मशीन. टेबल सॉ! खाली लोखंडी पेटी, वर बिडाचं टेबल, मधनं पातं वर येतंय. टेम्पोतनं उतरवाया गल्लीतले सगळे गडी लागले. आन् पहिली ऑर्डर कुणाची? सासऱ्याची! दौंडला मारुतराव आप्पांचा नवा बंगला, त्याच्या किचनच्या कपाटांची सगळी दारं माझ्याकडं. शुक्रवारी वास्तुशांत. आप्पा काय म्हणले? "जावईबापू, तुमच्या शब्दावर दुसरा मिस्त्री बघितला न्हाई बरं का. पण दारं लागली न्हाईत तर काळजी नसावी, कंपनीच्या लेबर कॉन्ट्रॅक्टरशी बोलून ठेवलंय, सोमवारपासनं परत कंपनीची बस धरा." गोड आवाजात हो! चहात साखर ढवळत ढवळत!

आता ही बघा, लांब पट्टी. प्लाय हिला टेकवायचा आन् पात्याकडं ढकलायचा. पट्टी सरकती पुढच्या ह्या आडव्या दांड्यावर, पायजे तिथं न्यायची आन् खिट्टी दाबायची. पातं आन् पट्टी, रेल्वेच्या रुळावानी पायजेत, कुठंबी मोजा, अंतर तेवढंच. मी पहिलं दार कापलं. वरनं मोजलं, बरोब्बर. खालनं मोजलं... अर्धा सूत कमी!

म्हणलं, व्हतंय, नवी मशीन हाय. प्लग काढला. पात्याच्या एका दाताला खडू लावला, तो पुढं आणून मोजला, मागं नेऊन मोजला, पातं बिचारं सरळ! मग पट्टीचे बोल्ट ढिले केले, पट्टी सरळ केली, आवळले. मोठं दार कापलं, एक नंबर! जिंकलो म्हणलं! ड्रॉवरची बारकी फळी कापाया पट्टी जवळ आणली, कापली, मोजली... अर्धा सूत! आन् ते बी उलट्या बाजूनं! परत बोल्ट. बारकं जमलं. पट्टी लांब नेली, मोठं कापलं... अर्धा सूत! आहो, एकीचं मन राखावं तर दुसरी रुसती, घरात आईचं आन् बायकोचं, मोनालीचं, जे चालतंय तेच हितं लोखंडात सुरू झालं!

हेल्पलाईनला फोन केला. "सर, मशीन समतल जगह पे रखा है?" रखा है. "सर, प्लग लगाया है?" आरं बाबा, चलती है, तिरपी काटती है! "ओके सर, काटती है ना? तो कम्प्लेंट क्लोज कर दूँ?"

शेजारचे पोपटराव आले. ऊसवाले, पाटसच्या कारखान्याच्या गप्पा मारत हितंच बसत्यात. "नवनाथ, आमचा बांध भावकीनं दोन फूट सरकवला, कोर्टात केस चालू हाय, तरी मी रोज दोन भाकरी खातोय. तू अर्ध्या सुताला रडतो व्हय रं?" आता ह्यांना काय सांगावं! बांधाला बिजागरी लावायची नसती हो!

आन् मोनाली... ती फोनवर बापाला सांगतीय, "व्हय आप्पा, लई जोरात चाललंय काम!" आन् फोन ठेवला की माझ्याकडं वळून, "माझ्या माहेरात माझं नाक कापू नका. कापायचं तर ते प्लाय कापा. सरळ!"

खरं सांगतो, मी खचलो. पात्यावर झाकण टाकलं आन् टेबलावर डोकं ठेवून बसलो. वाटलं, आपले हातच वाकडे, आपल्याला मशीन न्हाई, बसची खिडकीच बरी. तवा नाकासमोर दिसली मुंगी. तिच्यामागं दुसरी. आख्खी रांग चाललीय दांड्याच्या मागच्या अंगाला! आता लोखंडात मुंग्यांचं काय काम? मोनालीचा आरसा आणला, टॉर्च मारली... आन् काय असावं? तांदूळ! एकच दाणा! कुंकवात भिजून, नारळाच्या पाण्यात घोळून, वाळून दांड्याला सिमेंटवानी चिकटलेला! दांडा लाल, दाणा लाल, दिसणार कसा? पट्टी लांब नेली की तिचा पाय त्या दाण्यावर चढायचा, जवळ आणली की उतरायचा!

आई! मशीन आली त्या दिवशी आईनं, सरूबाईनं, पूजा केली होती, तिची पूजा म्हंजी नारळ दांड्यावरच फोडला आन् अक्षता वाढप्यानं भात टाकावा तशा टाकल्या!

पटाशीनं दाणा खरवडला. पट्टी लावली. मोठं कापलं, बरोबर. बारकं कापलं, बरोबर! मी नाचलो हो, ह्या भुशात नाचलो! आन् तिथंच चुकलो... मोठ्यानं वरडलो, "आई, जमलं!"

आई आली. डोळ्यांत पाणी. हातात ताट.

"देवानं ऐकलं रं माझ्या बाळाचं! आता दारं कापायच्या आधी पूजा करते."

"आई, नुसतं हळदीकुंकू लाव, अक्षता नको."

"बिनअक्षतांची पूजा? वास्तुशांतीच्या घरात असली दारं धाडतो?"

मी आशेनं मोनालीकडं बघितलं. लगीन झाल्यापासनं ह्या दोघींचं कवा एका गोष्टीवर जमलं न्हाई. मोनाली म्हणली, "आई बरोबर बोलत्यात."

काय करता? म्हणलं, "टाक आई. पण मोजून टाक."

आईनं बी इमानानं एकेक दाणा मोजून टाकला. मागनं मी एकेक मोजून उचलला. एक कमी भरतोय. आईला ईचारलं तर म्हणती, "देवानं घेतला आसंल." म्हणलं, घेतला तर घेतला, आन् मोठं दार कापून बघितलं...

अर्धा सूत!

सकाळी दौंडचा टेम्पो दारात येतोय. दांडा, पट्टी, सगळं आरशात बघून झालं, दाणा सापडंना, म्हणून म्हणलं, पाय वर घ्या, चपला झटकू नका, दाणा कुठंबी आसंल. जरा टॉर्च धरता का कुणी? न्हाई... राहू द्या. तुमचा बी शिफ्टचा टाईम झाला. फक्त एवढं करा, सोमवारी बसमधी खिडकीची एक जागा धरून ठेवा.