मागे बसायचं काम

हसू नका, पण हैदराबादेत अंबरपेठच्या आमच्या महिला केंद्रात माझं काम होतं मागे बसायचं. पोरी स्कूटर शिकायच्या, पण घरचे त्यांना एकटीला रस्त्यावर सोडत नव्हते. मागे एक म्हातारी असली की सासवा गप्प! शाळेचं तोंड न बघता मी वाचायला शिकले, मग बसायला काय लागतं? मीच हात वर केला.

पहिली आली संगीता. सासूने तिला बजावलं होतं, "जरा खरचटलं तरी स्कूटर विकून टाकीन." अन् स्कूटर गेली की घरोघर सामान पोचवायची तिची नवी नोकरी गेली.

काचीगुडा स्टेशनजवळ ती रस्त्याच्या मधोमध थांबली. पुढे बस, मागे ऑटो.

"आजी, मला नाही जमणार."

मी तिचा खांदा घट्ट धरला, पण तोंड कुठे गप्प बसतंय! "तू समोर बघ, मागचं मी बघते!" अन् ऑटोवाल्यावर ओरडले, "दिखता नै क्या? बच्ची सीख रई है, ठैरो!"

ऑटो थांबला. स्कूटर निघाली.

घरी सासूने मला विचारलं, "भीती नाही वाटली?"

"मला? हट्!"

संगीता खांदा चोळत म्हणाली, "सगळा रस्ता डोळे मिटून होत्या आजी. नखं बघा किती रुतलीत!"

मी म्हटलं, "मागे बसल्यावर भीती वाटणारच. हँडल दुसऱ्याच्या हातात असतं. उद्या मैदानावर मी पुढे बसते."

आता संगीता मागे बसते. डोळे मिटून.