तेल लावलेली चौदा पानं

हसा, हसा! मागच्या बाकावरचा तो, तू तर आणखी जोरात हस... पण पोरांनो, तुम्हाला सांगते, ही वर्गाची कुंडी तुमच्याही घरी आठ-आठ दिवस राहून गेली ना? तुमच्या आयांनी नुसतं पाणी घातलं आणि परत पाठवली, हो ना? कारण तुमच्या घराखाली पिठाची गिरणी नाही! आमच्या आहे. सकाळी आठला पट्टा फिरायला लागला की आमची भांडी फळीवर नाचतात, आणि पीठ... पीठ कुठे नाही ते विचारा. उशीवर पीठ, आरशावर पीठ, सासूबाईंच्या चष्म्यावर पीठ. त्या रोज म्हणतात, "सूनबाई, आज धुकं फारच पडलंय गं." धुकं कसलं, दुसऱ्याच्या गव्हाचं पीठ ते!

अशा घरात माझी लेक ही कुंडी कडेवर घेऊन आली. कुंडीला पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं. त्यावर अकरा जणांनी लिहिलेलं, 'छान आहे', 'छान आहे', 'नवीन पान आलं', 'छान आहे'. बारावी ओळ आमची. कोरी. सातवीनंतर मी शाळेची पायरी चढले नाही हो. बाईंपुढे मान खाली घालायची पाळी माझ्यावर पुष्कळदा आली, ती लेकीवर येऊ द्यायची नाही, एवढं एकच मी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बघते तर काय, पानं पांढरीफेक! घेतलं ओलं फडकं आणि पुसली. पण पिठात पाणी घातल्यावर काय होतं? कणीक! पानापानावर कणीक मळून ठेवली मी. आता? आता मी डोकं चालवलं... तेच चुकलं. लेकीच्या केसांत गुंता झाला की मी काय लावते? तेल. टाचा फुटल्या? तेल. दार कुरकुरलं? तेल. मग बसले मांडी घालून. चौदा पानं होती, एकेक घेतलं, वरून चोळलं, मग पालथं करून खालून चोळलं, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालायच्या आधी चोळतात ना, अगदी तस्सं! खालून तर जरा जास्तच. खालची बाजू मला कोरडी वाटली, काय करू! आणि काय चकाकलं म्हणता झाड! सासूबाई म्हणाल्या, "लग्नाला निघालंय जणू."

लेक शाळेतून आली. दप्तर दारातच पडलं. "आई! अगं काय केलंस हे? पानाला खालून तोंडं असतात! बारीक बारीक, डोळ्यांना दिसत नाहीत अशी! त्यांतून ते हवा घेतं! तू सगळी बुजवलीस!"

आता तुम्हीच सांगा, पानाला तोंड असतं हे मला कुणी सांगितलं होतं? ज्या दिवशी वर्गात सांगितलं असेल, त्या दिवशी मी घरी धाकट्या भावाचा पाळणा हलवत असेन!

झालं. पोरीनं अबोला धरला. इकडे पानांनी माना टाकल्या. सासूबाई म्हणाल्या, "जीव आहे गं त्यात, पाणी पाज." पाजलं. पाच तांबे. कुंडीचा चिखल झाला. हे म्हणाले, "अगं, पानच आहे, पेपर वाचू दे." तेवढ्यात दार वाजलं, शेजारीण! ती वर्गातल्याच एका मुलाची आई, हो, हसू नकोस, तुझीच. आता ही सगळीकडे सांगणार, या भीतीनं मी कुंडी ढकलली खाटेखाली. आणि ती गेल्यावर... विसरले नाही हो, बाहेर काढायचा धीरच झाला नाही. दोन दिवस अंधारात. तिसऱ्या दिवशी काढली तर तीन पानं पिवळी, आणि बोट लावलं तर गळालीच!

मग मात्र मी धावले. चपला दोन पायांत दोन. रोपवाल्याला म्हटलं, "दादा, अस्संच झाड द्या. चौदा पानांचं. मोजून."

तो म्हणाला, "ताई, झाडं म्हणजे काय शर्टाची बटणं आहेत? जुळतं बघून द्यायला? झालं काय ते सांगा." सांगितलं सगळं. त्यानं कपाळावर हात मारला. "अहो, पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर! ऊन म्हणजे चुलीतला जाळ. पाणी मुळांनी आणायचं, हवा त्या बारीक तोंडांनी आणायची, आणि पानातला तो हिरवा रंग आहे ना, तो आचारी. तो त्याची साखर करतो, तीच सगळं झाड खातं. तुम्ही तेल लावून हवा कोंडलीत, मुळं चिखलात बुडवलीत आणि खाटेखाली ढकलून जाळ विझवलात. आता झाडानं जेवायचं काय, कपाळ?"

मी रडायलाच लागले. आता तुम्हीच सांगा, पानाला तोंड असतं हे मला कुणी सांगितलं होतं? मी ओरडलेच त्याच्यावर! तर म्हणतो, "ओरडा. ज्या हवेच्या जोरावर ओरडताय ना, ती पानांनीच दिलीय. स्वयंपाक करताना ती बाहेर सोडतात, आपण आत घेतो."

मग सावकाश म्हणाला, "दुसरं रोप देतो की. पण पोरीनं ओळखलं तर?"

घेतलं नाही. रिकाम्या हातानं परत आले.

त्यानं सांगितलं तसं कोमट पाण्यात थेंबभर साबण घातला, उरलेली अकरा पानं एकेक करून धुतली, तळहातावर धरून, श्वाससुद्धा जपून घेत. चिखल उपसला, कोरडी माती घातली, कुंडी खिडकीत ठेवली. आणि पीठ? पिठासाठी वरून प्लॅस्टिकची पिशवी घातली. सकाळी बघते तर पिशवीला आतून थेंबच थेंब! मी किंचाळले, "अगं धाव, झाड रडतंय!"

लेक धावत आली. बघितलं. आणि पाच दिवसांत पहिल्यांदा हसली. "आई, रडत नाही गं. मुळांनी पाणी प्यायलं ना, ते पानांतून वाफ होऊन बाहेर आलं. म्हणजे... आई, त्याची तोंडं उघडली!"

पोरांनो, तुम्हाला काय सांगू, तिथेच बसले, पिठात.

म्हटलं, आता कार्डावर लिही, 'छान आहे'. तर या बाईसाहेबांनी काय लिहावं? 'आईनं तेल लावलं. तीन पानं गेली. मग आईनं अकरा वाचवली.' मी हातापाया पडले, "अगं, पहिली दोन वाक्यं खोड!" म्हणते, "मग तिसरं कुणाला कळणार?" ते बाईंनी वाचलं, मला बोलावणं धाडलं, मी रात्रभर जागी, आणि सकाळी इथे उभी केली, तुम्हाला पान समजावून सांगायला. मी! तिसऱ्या बाकावर तोंड लपवलंय ना, तीच माझी लेक. तोंड वर कर गं, मला दिसतंय तू हसतेस.

आणि आता बाई म्हणतात, मोठ्या सुट्टीत कुंडी तुमच्याकडेच राहू दे. आणि ही तिसऱ्या बाकावरून म्हणते, "आई, या वेळी ऊन दे, बेतानं पाणी दे, आणि बाकी नुसतं बघ. हात लावू नकोस."

नुसतं बघ! आईला सांगतेय, नुसतं बघ म्हणून! छे... बाई, त्यापेक्षा मला इथेच चौथीत बसवून घ्या, ते सोपं!