दगडातलं कणीस

(मोखाडा तालुक्यातला एक पाडा, २००३. नागलीची कापणी उरकली आहे. दुपार. ओटीवर जव्हारला कॉलेजात शिकणारी जयवंती, तिचा बाप लक्ष्या आणि आई सुकी.)

जयवंती: हसतोस काय, बा? उद्या सकाळी सर खरंच येतायत. जीप करून, आणखी दोघा जाणकारांना घेऊन.

लक्ष्या: या एका दगडासाठी?

जयवंती: दगड नाही, जीवाश्म. सॅन्ड डॉलर म्हणतात याला. लाखो वर्षांपूर्वी समुद्रात जिवंत होता, आणि सापडला कुठे तर आपल्या नागलीत! सर म्हणाले, आपले डोंगर म्हणजे थिजलेला लाव्हा. इथे समुद्रातला जीव निघाला तर पुस्तकं बदलावी लागतील. त्यात माझं नाव छापून येणार.

सुकी: नाव छापणार? मंग कोंबडा कापते. काय रं, कोंबड्याचं नाव काढलं की तुझं तोंड फुलतं, आज उतरलं कसं?

लक्ष्या: कुठं गावला तुला, पोरी?

जयवंती: वरच्या कोपऱ्यात, ऐनाच्या झाडाखाली. कापताना विळ्याला लागला.

लक्ष्या: तो म्या पुरलेला हाय.

जयवंती: काय?

लक्ष्या: भूकंप झाला तवा कच्छला गेलेलो ना, घरं बांधायला. पाया खोदताना असले निघायचे. बाकीचे मजूर पायानं उडवायचे. म्या एक उचलला, तर पाठीवर कणीस! नागलीचं, पाच बोटांचं. बोललो, इथं तर नागली पिकत नाय, मंग आपली दाण्याची देवी, कणसरी, इथं काय करते? वाट चुकली असंल. म्हणून घरी आणली. चार आणले, शेताच्या चार कोपऱ्यांत पुरले.

सुकी: आणि मना सांगितलं नाय! दोन साल नागली बरी आली, मी समजत होते माझ्या शेणखतानं आली.

जयवंती: बा, मी सगळ्या वर्गासमोर सांगितलंय रे. आता सरांना काय तोंड दाखवू?

लक्ष्या: तोंड कशाला लपवतेस? अजून तीन कोपऱ्यांत तीन हायेत. सायबांसमोर तेच उकरून दाखव. मेलो तरी कच्छचं नाव काढणार नाय.

सुकी: माझी पण बोलती बंद.

जयवंती: नको. पुढच्या वर्षी सर शिकवतील, मोखाड्यात समुद्र होता. ऐकणारी पोरं आपल्याच पाड्यांवरची. त्यांच्या डोक्यात मी खोटं घालू?

लक्ष्या: पण तुझं नाव गेलं ना, माझ्यापायी.

जयवंती: गेलं तर गेलं. रडू येतंय, पण गेलं.

सुकी: रड बाय. मंग भाकर खा.

लक्ष्या: कणीस नाय, तर काय हाय तरी काय हे?

जयवंती: तारामाशाच्या भावकीतला जीव. जिवंत असताना अंगभर बारीक काटे, मखमलीसारखे. त्यांच्यावर रेतीतून सरकायचा. ही तुझी पाच बोटं म्हणजे बारक्या भोकांच्या रांगा. त्यांतून नळ्या बाहेर काढून श्वास घ्यायचा. आता उलटा कर. मधलं भोक दिसतं? ते तोंड.

सुकी: अगं बाय, पोटाखाली तोंड?

जयवंती: खाणं रेतीत, मग तोंड खालीच बरं.

सुकी: आणि लेकरं?

जयवंती: ती आधी पाण्यात वाहत फिरतात, मग रेतीत उतरतात. पण इतकी हलकी, की लाट उचलून नेते. म्हणून काही जातींची पिल्लं जड रेतीचे कण गिळून ठेवतात. पोटात वजन आलं की एका जागी टिकतात.

लक्ष्या: बरोबर हाय. पोटात काय असंल तर कोण कशाला गाव सोडंल?

जयवंती: चल, मी निघते. खोडाळ्याला जाऊन बूथवरून सरांना फोन करते. उगाच हेलपाटा नको त्यांना.

लक्ष्या: म्या पण येतो. पुरला म्या, सांगणार पण म्याच. शिव्या घातल्या तर मला घालू दे.

जयवंती: शिव्या नाही घालणार रे. आणि हा कॉलेजच्या कपाटात ठेवायला देऊ या, कच्छचा म्हणून. आई, चालेल?

सुकी: ने. तीन हायेत की शेतात. नागलीला काय मालूम, ते कणीस की मासा.

जयवंती: कपाटात प्रत्येक वस्तूला चिठ्ठी असते. जीव कोणता, कुठे सापडला, कोणी गोळा केला.

लक्ष्या: कोणी म्हणजे, सरांचं नाव?

जयवंती: तुझं. वेचलास तू.

लक्ष्या: बावीस घरं बांधली तिकडं. कुणी नाव नाय विचारलं. ठेकेदार 'ए मोखाडा' म्हणून हाक मारायचा.

जयवंती: मग सांग, काय लिहू? रेशनकार्डावर लक्ष्मण आहे.

लक्ष्या: ते सायबानं लिवलेलं. लक्ष्या आईनं ठेवलं. तेच लिही.