व्याह्याचा नवा गुडघा
तुम्हीच सांगा, जळफळाट होणार नाही तर काय? शहाडचा माझा व्याही परवा आमच्याकडे वर्तकनगरला आलेला. तीन जिने कठडा न धरता चढला. म्हणतो, "नवा गुडघा बसवला. जावयाच्या कंपनीचा विमा."

मी तेच जिने दोनदा बसून चढतो. त्याच्यासमोरच मुलाला विचारलं, "तुझा बाप मी का हा?"

"बाबा, परदेशी कंपनी आहे. दरवर्षी विचारते, आईवडील की सासूसासरे, एकच जोडी निवडा. तुम्हीच म्हणालात, मला काय धाड भरलीय, घाल त्या म्हाताऱ्याचं नाव."

"मग आता काढ."

"एप्रिलशिवाय बदलता येत नाही."

व्याही चहा फुंकत बोलला, "अहो, एप्रिलनंतर माझा डावा गुडघा करायचाय."

सूनबाईने उरलेला चहा त्याच्याच कपात ओतला.