स्क्रिप्ट बंद केल्यावर

वरठी स्टेशनवर माझ्यामागच्या बाकावर एक बाई आणि तिचा भाचा बोलत होते.

“झाली काय माह्या रुपाची वेबसाइट दुरुस्त?”

“झाली, मावशी. पान अटकून राहिलं होतं, म्हणून ब्राउझरमधल्या स्क्रिप्ट बंद करून पायलं.”

“म्हणजे काय केलं?”

“पानावर जे हलते-बोलते, ते सारं स्क्रिप्टनं चालते. बंद केलं का नुसते कोशाच्या रेशमी साड्यांचे फोटो राहतात. मंग बिघाड कुठं आहे ते समजते.”

“अन् तिचा रेकॉर्ड केलेला आवाज? ‘या, बसा’ म्हणते तो?”

“तो बी बंद व्हायले पाहिजे.”

“झाला नाही?”

“‘या, बसा’ बंद झालं. पण ती बोलली.”

“काय बोलली, प्रवीण?”

“‘माय, गुडघा कसा आहे?’”

“माहा गुडघा तं तिच्या तेरवीनंतर मोडला.”

“म्हणून तं मी भेलो. खराब होती तेवढी एक स्क्रिप्ट काढली अन् बाकी चालू केल्या. आता ‘या, बसा’ एवढंच म्हणते.”

गाडी आली. दोघांपैकी कोणीच उठलं नाही.

“मोबाइल काढ.”

“कायले, मावशी?”

“ते बंद कर पुन्हा. मले तिले सांगाचं आहे, गुडघा बरा आहे म्हणून.”