ओला रंग

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागे दोघं बोलत होती.

“माळीकाका, तुम्ही रिटायर झालात आणि बागेची रयाच गेली. उन्हाळ्यात झारीनं आमच्या पायांवरसुद्धा पाणी घालायचात.”

“आणि पावसाळ्यात तुम्ही शेवाळावरून सगळ्यांदेखत घसरलात, बाई.”

“ते बरं लक्षात राहिलं! पण थंडीत उन्हातला बाक एकच, त्यावर कायम तुमची पाटी, ‘रंग ओला आहे’. नऊ वर्षं वाळला नाही मेला!”

“रंग कुठला? तुमचे गुडघे धरायचे ना. दुसरं कुणी बसू नये म्हणून पाटी लावायचो.”

“अहो, मी शाळेची बाई! पाटीवरचं खरंच मानणार. नऊ हिवाळे सावलीत कुडकुडले.”

“बघत होतो की लांबून. वाटायचं, बाईंना सावलीच आवडते.”